आत्याबाईचा मान

माझी थोरली बहीण ज्या घरात मुक्कामाला येते त्या घरातला एकही नियम आठवडाभर टिकत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो. माझ्या घरातला शेवटचा नियम तिनं मार्गशीर्षातल्या एका रविवारी मोडला, आमच्या जुळ्या मुलांच्या बारशाला, एकेचाळीस पाहुण्यांच्या समक्ष. त्याला आता आठ वर्षं होऊन गेली. राग निम्मा उतरला आहे. उरलेला निम्मा इथे उतरवतो.

बहिणीचं लग्न झालं नाही. वडील नागपूरहून सरकारी दफ्तराबरोबर भोपाळला आले, त्यांच्या मागे तीही सरकारी नोकरीत लागली आणि तुलसी नगरच्या क्वार्टरमध्ये एकटी राहिली. कचेरीत तिच्याकडे आवक-जावक विभाग होता. तिथली शिस्त मला मान्य आहे. पण ती शिस्त तिनं देवालाही लावली. आम्हाला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं. डॉक्टर चालू होते, सुया चालू होत्या, दर महिन्याची निराशा चालू होती. या बाईनं टेकडीवरच्या देवीला चक्क लेखी अर्ज दिला. पुढे सोनोग्राफीत दोन बाळं दिसली तेव्हा मी डॉक्टरांना पुन्हा मोजायला लावलं आणि ती शांतपणे म्हणाली, "अर्ज दोन प्रतींत दिला होता ना, बापू. दोन्ही मंजूर झाल्या." यात मी ज्यांच्याकडे नऊ वर्षं खेटे घातले त्या डॉक्टरांचं श्रेय कुठे गेलं, हे मी विचारलं.

मुलं आठवा महिना संपताना ऑपरेशननं झाली. पहिला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, वजन दोन किलो शंभर. दुसरा दोन वाजून बारा मिनिटांनी, एक किलो साडेआठशे. चेहरे इतके सारखे की मला स्वतःचीच शंका येई. म्हणून मी पहिल्याच्या मनगटाला काळा दोरा बांधला. बहीण त्याच आठवड्यात ट्रंक घेऊन आमच्या कोलार रोडच्या घरी दाखल झाली. रजेच्या अर्जात तिनं कारण लिहिलं होतं, 'घर में जापा है', म्हणजे बाळंतपण. साहेबानं विचारलं, कोणाचा, तर म्हणाली, सर, आमच्याकडे सगळ्यांचाच असतो.

आल्याबरोबर तिनं दारात एक वही टांगली. येणाऱ्यानं नाव, आल्याची वेळ, हात धुतल्याची खूण आणि गेल्याची वेळ लिहायची. कॉलनीचे अध्यक्ष पेढे मागायला आले आणि जिन्यात एकदा शिंकले. त्यांना तिनं खालूनच परत पाठवलं आणि शेऱ्यात लिहिलं, 'अपात्र.' त्यानंतर वर्षभर आमच्या ओळीतला खांबावरचा दिवा दुरुस्त झाला नाही. बाळांच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून तिनं कुकरची शिट्टी काढून लपवली. तीन आठवडे आम्ही पातेल्यातली कच्ची डाळ खाल्ली. मालिशवालीला ती मालीश कशी करायची ते शिकवे. ती बिचारी एकदा मला म्हणाली, "भैया, दीदी से ही करवा लो, मैं देख लूँगी."

हे सगळं मी सोसलं. सोसता आला नाही तो दुधाचा मामला. बायकोला दूध कमी येई. जो आधी पिईल त्याचं पोट भरे, मागून पिणाऱ्याला उरलेलं आणि वर वाटी-चमच्यानं पावडरचं. दिवसाला आठ वेळा, दोन मुलं, म्हणजे सोळा पाजण्या. एकदा तर एकच मूल दोनदा पिऊन झोपलं आणि दुसरं रडत राहिलं. तेव्हा मी भिंतीवर नियमाचा तक्ता लावला: आधी दोऱ्याचा, मग बिनदोऱ्याचा. क्रम कधीही बदलायचा नाही.

"धाकट्याले आधी पाज," बहीण म्हणायची. "तो लवकर थकते. त्याची पाळी येईपर्यंत अंगात ओढायची ताकद राहात नाही."

मी म्हटलं, क्रम एकदा बदलला की घोळ होतो.

"पोरगं वाळून राहिलं अन् तू क्रम घेऊन बसला काय?"

ती पंधरा दिवस सांगत होती, मी पंधरा दिवस भिंतीकडे बोट दाखवत होतो. मग एके दिवशी ती सांगायची थांबली. मला वाटलं, पटलं.

पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे वजनं केली. दोऱ्याचा तीनशे ग्रॅमनं उतरलेला, बिनदोऱ्याचा चारशेनं चढलेला. एका आठवड्यात असं होत नाही. जन्मभर आकड्यांवर विश्वास ठेवणारा मी माणूस. त्या दिवशी मात्र दोरा खरा धरला आणि काटा खोटा. काटा पिशवीत घालून अशोका गार्डनातल्या दुकानापर्यंत गेलो. दुरुस्तीवाल्यानं त्यावर अर्धा आणि एक किलोचं माप ठेवून दाखवलं आणि म्हणाला, "काँटा तो सही है, साहब. घर में कुछ और देखिए." मी त्याच्यावरही चिडलो. पुढचे दोन महिने दोऱ्याचा भराभर अंग धरत गेला, आणि मी माझ्या नियमाची तारीफ करत फिरलो.

मग बारसं आलं. दोन पाळणे, बायकांचा घोळका, आणि आत्या म्हणून नावं ठेवायचा मान बहिणीचा. थोरल्याचं नाव सुमेध, धाकट्याचं सुहास, हे आधीच ठरलेलं. ती दोऱ्याच्या पाळण्याशी वाकली, बायकांनी पाठीत धपाटे घालायला हात उगारले, आणि ती तशीच सरळ झाली. दुसऱ्या पाळण्याशी गेली. बिनदोऱ्याच्या कानात तिनं 'सुमेध' म्हटलं. परत येऊन दोऱ्याच्या कानात 'सुहास' म्हटलं, आणि दाताने दोरा तोडला.

"दोरा मी बदलला होता, बापू," ती म्हणाली. "तुले खोटं सांगू शकते. लेकराच्या कानात नाही सांगत."

मी बायकोकडे पाहिलं. ती पदर नीट करत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं. आईला काय दोरा लागतो? घरात माहीत नसलेला माणूस एकच, ज्यानं तक्ता लावला होता.

मी ओरडलो. काय काय बोललो ते पाहुण्यांना आठवत असेल; मला एकच वाक्य आठवतं. "स्वतःचं मूल असतं तर असा खेळ केला नसतास."

ती ट्रंक भरून तुलसी नगरला निघून गेली. आत्याबाईच्या मानाची जांभळी रेशमी साडी ताटातच राहिली.

आता यात रुसायचं तर नीट रुसावं. तिनं तसंही केलं नाही. दर मंगळवारी मुलांना न्हाऊ घालायला येत राहिली, पण स्वतःचा चहा थर्मासमधून आणायची. आठ वर्षं माझ्या घरात बसून ती माझ्यासमोर स्वतःचा चहा पीत आली आहे. याइतका संताप आणणारा प्रकार मी दुसरा पाहिला नाही.

यंदा तिचे डोळे गेले म्हटलं तरी चालेल. मोतीबिंदू काढला, पण मागचा पडदाच खराब निघाला. चेहरे दिसत नाहीत. ज्या दोघांना ती अंधारात ओळखायची ते दोघे तिच्यासमोर उभे राहिले आणि तिनं चुकीचं नाव घेतलं. त्या दिवशी ती थर्मास न उघडता गेली. पुढच्या मंगळवारी सुहासच्या मनगटाला काळा दोरा होता. दोरा बांध म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं. बारशाची गोष्ट त्यांनी आईकडून ऐकली होती. आत्यानं मनगट चाचपलं.

"हा माझा धाकटा," ती म्हणाली. सुहास आज सुमेधपेक्षा दीड सेंटीमीटर उंच आहे. मी स्वतः मोजलं आहे.

मी कपाटातली ती जांभळी साडी आणून तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणालो, ताई, बारशाला बोललेलं ते वाक्य मी परत घेतो.

"कोणतं वाक्य?" तिनं विचारलं. तिला अक्षर न् अक्षर आठवतं, हे मला ठाऊक आहे. मग तिनं बोटांनी काठ तपासला. "घडीवर विरली असेल. इतके वर्षं कोणी ठेवते काय रेशीम असं?"

साडी आत्याबाईला पोचली. वर आमच्या घरचा एक कप चहा, साखर दोन चमचे. तिनं पूर्ण प्यायला.