एका सायलेन्सरच्या तीन गाड्या

ताईचे यजमान देवराव भाऊजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी आरटीओच्या पासिंगच्या मैदानात एका टेम्पोच्या मागे वाकून उभा होतो. ड्रायव्हरला म्हटलं होतं, रेस दे. धूर काळा निघतो की पांढरा ते बघत होतो. शिपाई धावत आला, ताईच्या शेजारच्या दुकानातून फोन होता म्हणाला. काय झालं ते त्याच्या तोंडावरूनच समजलं. ड्रायव्हर मात्र रेस देतच राहिला. त्याला थांब म्हणायचं मला सुचलंच नाही. त्या धुरात मी किती वेळ उभा होतो कोण जाणे...

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. भाऊजींबद्दल लिही, असं वस्तीतल्या पोरांनी सांगितलं, कारण कामठी रोडच्या आमच्या त्या वस्तीत ‘हिरवी’त न बसलेलं माणूस सापडणं कठीण. हिरवी म्हणजे भाऊजींची टॅक्सी. बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची, गोल पाठीची, विलायती. साठच्या आसपास त्यांनी ती एका रिटायर झालेल्या साहेबाकडून घेतली तेव्हाच ती जुनी होती. तिचं मागचं डावं दार जरा उचलून लावावं लागे. नवं गिऱ्हाईक दार आपटू लागलं की भाऊजी मान न वळवता म्हणत, “उचला दादा, उचला... म्हातारी हाये, तिले हात द्या.” वस्तीतल्या किती नवऱ्या त्या दारातून सासरी गेल्या असतील! दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायला वस्तीतले म्हातारे सकाळपासून पांढरे कपडे घालून ओट्यावर बसलेले असायचे. त्या दिवशी मीटरवर फडकं बांधलेलं असे. एका खेपेला किती माणसं बसली हे विचारायचं नसे, कारण मोजणारा मी पुढे सरकारी माणूस झालो.

डिप्लोमाची वर्षं मी ताईकडे राहून काढली. इंजिन पुस्तकात शिकलो ते कॉलेजात, आणि हिरवीखाली उताणं पडून शिकलो ते भाऊजींकडे. पण त्या वर्षांतलं सगळ्यात लख्ख आठवतं ते पासिंग. टॅक्सीला दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागे. ब्रेक, दिवे, हॉर्न, टायर, सायलेन्सर. भाऊजी, भिवापूरचे गणपतराव आणि खापरखेड्याचे रहीमभाई हे तिघे दोस्त आपल्या गाड्या एकाच दिवशी पासिंगला नेत. गणपतराव मिरचीची पोती वाहत, त्यामुळे त्यांची गाडी तपासायला साहेब आत बसला की शिंकतच बाहेर येई आणि लवकर सही करी. रहीमभाई पॉवर हाउसच्या कामगारांना ने-आण करत. या दोघांच्या गाड्यांचे सायलेन्सर कायम फाटलेले. जाळी झालेली, गाडीच्या पोटाखालून धूर आणि ट्रॅक्टरसारखा आवाज. चांगला सायलेन्सर एकच, हिरवीचा. भाऊजी त्याला जपत, दर पावसाळ्यानंतर काढून साफ करत.

तर पासिंगच्या दिवशी सकाळीच हिरवीचा सायलेन्सर निघायचा आणि रहीमभाईंच्या गाडीला लागायचा. त्यांची गाडी पास झाली की मैदानाच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबामागे यायची. तिथे सायलेन्सर काढून गणपतरावांच्या गाडीला, आणि त्यांची पास झाली की परत हिरवीला. सायलेन्सर तापून लाल व्हायचा. म्हणून सोबत बादली आणि पोतं. ओलं पोतं गुंडाळून तो काढायचा, तेव्हा निंबामागून असा वाफेचा लोट उठे की जणू कुणी चहाचं दुकान टाकलं आहे. पोतं धरायचं काम माझं. रहीमभाई दर वर्षी तेच म्हणत, “देवरावभाई, अपना दूल्हा एक और घोड़ियाँ तीन!” त्यावर गणपतराव, “अन् तुही घोडी सगळ्यात आधी लाथ मारते, गुपचूप पकड तिले.” हिरवीचा नंबर शेवटी ठेवायचा हे ठरलेलं. मी एकदा विचारलं, भाऊजी, सायलेन्सर तुमचा, मग आपण शेवटी काहून? ते म्हणाले, “आपल्याच घरी परत येऊन राहिला ना तो. शेवटी आपल्याकडेच मुक्काम.”

पुढे मला नोकरी लागली, तीच, गाड्या पास करणाऱ्या इन्स्पेक्टरची. काही वर्षं बाहेरगावी काढली आणि मग बदली होऊन त्याच मैदानावर आलो. आता लिहितो ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही... बायकोलाही नाही.

त्या वर्षी वरून ताकीद आली होती, जुन्या गाड्यांकडे कडक बघा, धूर आणि आवाज चालणार नाही. तिघांच्या पासिंगचा दिवस उजाडला. सकाळच्या चहाला माझ्या बरोबरीचा एक इन्स्पेक्टर सगळ्यांसमोर बोलला, “आज साहेबाच्या घरचे जावई लाइनीत हायेत म्हणे! मंग का, ओवाळून पास करता काय?” सगळे हसले. मीही हसलो. चहा अर्धाच ठेवून उठलो. आमच्या वस्तीतून या खुर्चीवर आलेला मीच पहिला. माझ्याबद्दल कुणी एवढंसुद्धा बोलायला नको, असा माझा हट्ट होता. त्याला प्रामाणिकपणा म्हणायची मला सवय झाली होती.

रहीमभाईंची गाडी आली. मी पास केली. खाली वाकलो तेव्हा सायलेन्सर ओळखला होता; पट्ट्याजवळचा वेल्डिंगचा डाग शिकत असताना माझ्याच हातचा होता. गाडी निंबामागे गेली. थोड्या वेळानं तिथून वाफ उठली. म्हणजे सायलेन्सर निघाला, गणपतरावांच्या गाडीला लागतो आहे. आता त्यांचा नंबर. कागद माझ्या हातात, वरचा कागद गणपतरावांचा.

मी खालचा काढला. ओरडलो, “हिरवी गाडी!”

शिपाई म्हणाला, साहेब, मधी एक हाये. मी म्हटलं, सांगतो ते कर.

भाऊजी गणपतरावांच्या गाडीखालून बाहेर आले. हात कोपरापर्यंत काळे. माझ्याकडे पाहिलं. दुरून पाहिलं, त्यामुळे त्या नजरेत काय होतं ते तेव्हा समजलं नाही. की समजून घ्यायचं नव्हतं? त्यांनी फडक्याला हात पुसले. हिरवीत बसले आणि सायलेन्सरशिवायची गाडी मैदानात आणली. सारं मैदान दणाणलं, खालून धूर. चहाचे पेले हातात घेऊन सगळे ओट्यावर आलेले. भाऊजी उतरले, दार उचलून लावलं आणि म्हणाले, “बघा साहेब.” मला साहेब म्हणाले. एरवी ‘परभाकर’ म्हणून हाक मारणारा माणूस.

मी नापास लिहिलं. नियमानं बरोबरच होतं ते. सायलेन्सर नसलेली गाडी कोण पास करील? आणि त्यानंतर त्याच सायलेन्सरवर गणपतरावांची गाडी मी पास केली. सकाळी बोललेला माणूस माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, मानलं बुवा!

मनात हिशेब असा होता की भाऊजी चार दिवसांनी सायलेन्सर लावून पुन्हा येतील, मी सही करीन, दोन्ही बाजू राहतील. मी वाट पाहिली. दर सकाळी फाटकाकडे बघायचो. ते आले नाहीत. आठवडे गेले, मुदत गेली, परमिट गेलं. हिरवी घरामागच्या टिनाखाली उभी राहिली ती राहिलीच. टायर जमिनीत रुतले. भाऊजी लोकांच्या गाड्या चालवू लागले, लग्नाच्या सीझनमध्ये कुणाचा मेटॅडोर, पुढे एका शाळेची बस. मी घरी गेलो की तसेच वागत. ताईला म्हणत, “साहेब आले, चहा टाक वं.” आता घरातही साहेब. थट्टेतच म्हणत, पण त्यानंतर ‘परभाकर’ मी पुन्हा ऐकलं नाही. गाडी काहून नाही नेली, हे विचारायला मला तोंड नव्हतं आणि त्यांनी कधी आपणहून विषय काढला नाही. शेवटी एका भंगारवाल्यानं हिरवी तोडून नेली तेव्हा मी मुद्दाम दौऱ्यावर होतो.

गेल्या रविवारी ताईकडे गेलो. ती एकटीच होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी एकदाचं सांगून टाकलं. वरचा कागद कोणाचा होता, खालचा कोणाचा, वाफ कशी दिसली, सगळं. ती गहू निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

“तुले का वाटते, त्यायले समजलं नसन?” ती म्हणाली. “तिघायची लाइन त्यायनंच तं लावली होती.”

“मग पुन्हा काहून नाही आले? मी पास करणारच होतो, ताई.”

“तेच तं म्हने ते. मी गेलो तं त्याले मले पास कराच लागन. अन् लोक म्हनतीन, पहा, साळ्यानं दाखवाले नापास केलं अन् मागून पास केलं. मी म्हटलं, मंग दुसऱ्या साहेबाजवळ न्या. म्हने, तो आपल्या पोराले विचारीन, तू काहून नाही पाहिली... पोरगं नवं हाये, राहू दे.”

ताईनं सूप बाजूला ठेवलं. आतल्या खोलीत गेली, खाटेखालून काहीतरी ओढत आणलं. पोत्यात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं.

“गाडी इकली, पन हे नाही देल्लं भंगारवाल्याले. दर पावसाळ्यानंतर काढून पुसत होते. मी म्हनो, आता गाडीच नाही तं हे कोणाले लावता? तं म्हने, गणपतरावचा पोरगा चालवते आता त्यायची गाडी, येईन एखाद्या वेळी...”

सुतळी सोडली. तेल लावलेला, काळा, चकचकीत. पट्ट्याजवळचा माझा डाग तसाच. मैदानावर आता धुराचं यंत्र येणार असं ऐकतो, नळी लावली की आकडा दिसेल, म्हणजे आमच्यासारख्यांच्या नजरेवर काही राहणार नाही. बरंच आहे ते.

ताई म्हणाली, उचल, घेऊन जा, इथं कोण पाहते त्याले आता. मी खाली बसलो. सायलेन्सर थंडगार होता, कित्येक वर्षांचा थंड. तरी त्याला हात लावायच्या आधी माझे हात आजूबाजूला ओलं पोतं शोधत राहिले.