भावजी फक्त चाखायचे

भावजी फेणीचा एक थेंब तळहातावर घेत, दुसऱ्या हाताने चोळत, हुंगत आणि मग जिभेचं टोक लावत. एवढ्यावर ते सांगत की काजूचे बोंडू कुठल्या डोंगरावरचे, रस किती दिवस आंबला आणि दारू गाळायच्या भाटीखाली घाईने जाळ कुणी वाढवला. पण थेंबावर भागत नसे. खात्री करायला अर्धा पेला लागे. काजूच्या मोसमात आमच्या वाड्यावरच्या भाटीत सकाळपासून दारू उतरायची, आणि प्रत्येक उतरणीची खात्री भावजींनाच करावी लागे.

"मी पियत नाय, वयनी," ते म्हणत. "पिणारो वेगळो, चाखणारो वेगळो. पिणाऱ्याक कसलीय चलता."

ते माझे धाकटे दीर. खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाचा ट्रक चालवायचे. खाणी बंद झाल्या, आणि पुढे त्यांना ताप येऊ लागला तो जाईना. तपासणीत एचआयव्ही निघाला. त्यांच्या बायकोची तपासणी चांगली आली. ती पेडण्याला माहेरी गेली ती परत आली नाही. तिला मी दोष देत नाही. आमच्या ह्यांनी भावजींना घरी आणलं आणि मला म्हणाले, आजपासून एक मूठ तांदूळ जास्त घाल. मी घातले.

पहिल्या दिवशी जेवून त्यांनी आपलं ताट स्वतः घासलं आणि खिडकीत वेगळं ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी ते उचलून बाकीच्या ताटांत घातलं. त्यांनी पाहिलं. मी तशी कमीच बोलते. चौथीनंतर शाळा सुटली आणि चारचौघांत बोलायची सवय झालीच नाही.

गोळीच्या बाबतीत भावजी कडक होते. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंपू वाजला, की मी पोई घ्यायला बाहेर येई आणि ते गोळी घ्यायला आत जात. एकदा पदेर आलाच नाही. भावजी गोळी हातात धरून पायरीवर बसलेले.

"घड्याळ बघा की भावजी. वेळ केव्हाच झाली."

"घड्याळाक काय कळता?" म्हणाले. पण घेतली. इतक्या वर्षांत एक दिवस चुकला नाही. कुणी विचारलं तर सांगत, "ट्रकाक ब्रेक तशी माका गोळी."

गावात अशी गोष्ट लपत नाही. शेजारची बाई हळदीकुंकवाला आली तर आमच्या घरचं पाणी न पिता जाई. पण तिच्याच मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिचा नवरा फेणीची बाटली घेऊन आमच्या अंगणात उभा राहिला.

"बघून दी रे बाबा. व्याह्यांकडली माणसां येतली. नाक कापूक नको."

भावजींनी चाखलं. डोळे मिटले. तो माणूस हात बांधून वाट बघत राहिला. भावजींनी मुद्दामच वेळ लावला असं मला आतून बघताना वाटलं.

"पाणी घातलेला आसा. ज्याच्याकडसून हाडलंस त्याका परत दी. आणि मी सांगितलंय म्हणान सांग."

तो माणूस बाटली घेऊन मुकाट्याने गेला. तेव्हा भावजींची मान ताठ होती. तशी मान नंतर ते घरात ठेवत नसत.

गोळ्या आणायला साखळीहून बस धरून सरकारी दवाखान्यात जावं लागे. ह्यांना कारखान्यातून सुटी मिळत नसे, म्हणून मी सोबत जाई. तिथली काउन्सेलर बाई दर वेळी विचारी, "दारू? विडी?" भावजी दोन्हींना नाही म्हणत. विडी त्यांच्या शर्टाच्या खिशात असे. मी माझ्या पिशवीकडे बघत बसे. बसमध्येच त्यांनी मला बजावलेलं असे, "तू काय बोला नको हां."

एका वर्षी तपासणीत विषाणू सापडलाच नाही. भावजींनी साखळीच्या बाजारातून जिलबी घेतली. पण त्याच मोसमात डोंगराची वाट चढताना त्यांना धाप लागू लागली. मध्ये दोनदा बसावं लागे. डॉक्टरांनी रक्त काढलं, छातीचा ईसीजी काढला, आणि आम्हा दोघांना समोर बसवलं.

"विषाणू गोळीने दाबलेला आहे," डॉक्टर म्हणाले. "पण शरीर त्याच्याशी लढायचं थांबत नाही. वरून राख दिसते, आत विस्तव असतो. त्याने आतून सूज राहते, काळजाला, लिव्हरला, रक्ताच्या नळ्यांना. गोळी वेळेवर घेतली तरी ती थोडी राहतेच. त्यावर दारू आणि विडी म्हणजे फुंकर. तुमचे आकडे बघून मला वाटतं कुणीतरी फुंकर घालतंय. पिता का?"

"नाय."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "वहिनी, घरात तुम्ही बघता. खरं सांगा. मी रागावणार नाही. आता थांबलं तर सावरेल."

मी म्हटलं, "नाही."

तो शब्द माझ्या तोंडून कसा आला ते मला ठाऊक आहे. मी खरं सांगितलं असतं तर त्यांची भाटी सुटली असती. मग आमच्या अंगणात कुणी हात बांधून उभं राहिलं नसतं. भाटी सोडली तर त्या गावात ते फक्त आजारी माणूस होते. एवढा विचार मी तेव्हा केला. दुसरा केला नाही.

पुढच्या मोसमात त्यांचे पाय सुजले. आमच्याकडे सुजेवर फेणी चोळतात, लहानपणापासून तेच पाहिलं, म्हणून मीही रोज संध्याकाळी चोळू लागले. भावजी वाकून हुंगत आणि म्हणत, "ही खंयची हाडलंस? पायांकसुद्दा आवडची नाय." मी हसले होते, ते आठवतं. पोट फुगलं तेव्हा मात्र त्यांना इस्पितळात ठेवलं.

तिथे दुसरे डॉक्टर होते, तरुण. त्यांनी कागद चाळला. दारू नाही, असं लिहिलेलं. त्यांनी सवय म्हणून पुन्हा विचारलं. भावजी झोपलेले वाटले. मी म्हटलं, "घेतात. मोसमात रोज सकाळपासून. एरवी लोक बाटल्या आणतात त्या. विडीही." माझा आवाज नेहमीसारखाच होता. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

भावजींनी डोळे उघडले.

"सांगितलंस?"

"होय."

"आता?"

"आता."

ते रागावले नाहीत. मग म्हणाले, "आदी सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी बोललो नसतंय."

"किती दिवस?"

त्यांनी विचार केला. खरोखर केला. कपाळाला आठ्या पडल्या.

"भाटी बंद होईसर."

चार दिवसांनी ते गेले. ह्यांनी सगळं केलं. माहेरच्या माणसांना घेऊन त्यांची बायको आली होती, दारातच थांबून गेली. मी स्वयंपाकात होते.

भाटी बंद होईपर्यंत म्हणजे दोन-अडीच महिने. त्याच वेळी सांगितलं असतं, तर तेवढे दिवस त्यांना ताट वाढून, एक शब्द न बोलता मी राहिले असते. मला ते जमतं.