सुमनताईंचं आडनाव

"ओळीत जागा नाही," असं म्हणत मी 'सुमन कांबळे'मधलं आडनाव पेन्सिलीने खोडलं.

मित्रांनो, संस्थांची देणगीपत्रकं लिहून देणं हे माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. आज दुपारी कशेळ्याच्या बालवाडीत होतो. सुमनताई ती एकट्याने चालवतात. पत्रकावर त्यांचाच फोटो आहे.

त्यांनी मसुदा हातात घेऊन सावकाश वाचला.

"वर संस्थेच्या चिटणीससाहेबांचं आडनाव हाय की, भाऊ. त्यांना बरी जागा गावली."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"मग असं करा. सुमन काडा, कांबळे राहू द्या. फोटो माजाच हाय, लोक वळखतील."

जागा भरपूर होती. आडनाव वाचून काही देणगीदार हात आखडता घेतील, असं मला वाटलं होतं. तसं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं.

पत्रक ज्यांना जाणार, त्या यादीत तुम्हीही आहात. म्हणजे मी तुमच्याबद्दलही तेच गृहीत धरलं. चुकलो का?

ता.क. हे पत्र त्या दिवशी टाकायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जतच्या छापखान्यात जाऊन आडनाव पुन्हा घातलं. सुमनताईंना अजून भेटलेलो नाही.