जुलैत बर्फ पाडणारा वासिल

आमचा वासिल, म्हणजे माझा नवरा, ट्रॅक्टरवरून उतरला तो थेट टेपरेकॉर्डरला चिकटला. शेती मुलीकडे सोपवल्यापासून हा माणूस कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या आमच्या टापूतल्या गोष्टी गोळा करत हिंडतो. कुठल्या ओढ्याला इथले मूळचे क्री लोक काय म्हणतात, कुठल्या टेकाडाखाली कोणत्या युक्रेनी घराची पहिली चूल पेटली, सगळं टेपमध्ये. इकडे ताटातल्या माझ्या पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, गारढोण.

गेल्या जुलैत कौन्सिलनं रस्ता सरळ करायचा घाट घातला. मधला मोठा दगड सुरुंगानं उडवायचा म्हणे! पूर्वी बायसन त्याला अंग घासायचे, त्याच्या कडा अजून गुळगुळीत आहेत. अध्यक्ष म्हणाले, "त्याची काही कथा असेल तर शुक्रवारच्या सभेत सांगा." कथा होती, पण ती येत होती एकट्या मथिल्डाआजींना. आजी क्री, वय अठ्ठ्याऐंशी, आमच्या कुंपणापलीकडच्या शेजारीण.

वासिलनं क्री रिवाजाप्रमाणे तंबाखूची पुडी पुढं केली. पुडी घेतली म्हणजे गोष्ट सांगायला होकार. आजींनी हात मागे घेतला.

"ही गोष्ट जमिनीवर बर्फ असतानाच सांगायची. जन्म गेला तुझा आमच्या शेजारी, एवढंही कळू नये?"

"आजी, शुक्रवारनंतर दगडच राहणार नाही!"

"मग शुक्रवारच्या आत बर्फ पाड."

पठ्ठ्यानं खरंच पाडलं. दुसऱ्या दिवशी आमचा फ्रीझर खरवडून बादलीभर बर्फ नेलं आणि आजींच्या पायरीवर पसरलं. मी कपाळाला हात लावला. आजी पोट धरून हसल्या.

"अरे येड्या, अस्वलं झोपलीत का ते बघून ये आधी! ती गोष्ट नाही मिळायची. पण घडलेल्या हकिगतीला ऋतू लागत नाही. तुझ्या आजोबांची सांगू?" असं म्हणून त्यांनी पुडी घेतली.

वासिल खूश. आजोबांची गोष्ट तो प्रत्येक लग्नात सांगतो. युक्रेनहून आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात, हिमवादळात, ताऱ्यांवरून वाट काढत आजोबा एकटे घरी पोहोचले म्हणे. वादळात तारे कुठले, हे मी तीस वर्षं विचारतेय.

"कसले तारे!" आजी म्हणाल्या. "माझी आजी शिकारीचे सापळे बघायला गेली, तर हा त्याच दगडाच्या आडोशाला बसून आईच्या नावानं रडत होता. उजवा बूट डाव्या पायात. तिनं बाहीला धरून वासरासारखा ओढत घरी नेऊन सोडला. त्या दगडानं वारा अडवला नसता तर तिला मढंच सापडलं असतं."

वासिलचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर मी विचारलं, "नेणार का ही टेप सभेत?"

"गाव हसेल, ओल्हा. आजोबांचा फोटो सभागृहाच्याच भिंतीवर आहे. त्यांच्या डोळ्यांदेखत वाजवू?"

मी गार पिरोगी पुन्हा गरम करायला ठेवल्या.

शुक्रवारी सभागृह गच्च भरलं होतं. वासिलनं बटण दाबलं. टेप बुटापर्यंत आल्यावर लोक बाकं बडवत हसले, अध्यक्षांनी तर डोळे पुसले. वासिलचे कान बिटासारखे लाल. टेप संपल्यावर तो उठला.

"हसून झालं? आजोबा तिथे गोठले असते तर माझे वडील जन्मलेच नसते. आजोबांची तेवीस नातवंडं-पतवंडं आत्ता इथे बसलीत. अध्यक्ष, तुमची बायकोही त्यातलीच. दगड उडवायचा की नाही, ते तिला विचारून सांगा."

दगड राखायचा ठराव पाच मिनिटांत झाला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

रस्ता आता तिथे वळतो. नवखे ड्रायव्हर त्या वळणाला शिव्या घालतात. वासिल त्यांना थांबवतो, खाली उतरवतो आणि आपले आजोबा नेमके कुठे बसून रडले, ती जागा दाखवतो.