डाळिंबी आणि मरून

चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या मालासाठी मी संगणक प्रणाली तयार करून दिली होती. गोदाम सांभाळणाऱ्या मामांनी रंगांची यादी स्वतःच्या हाताने लिहून दिली. तीत डाळिंबी आणि मरून असे दोन रंग होते. ही एकाच रंगाची दोन नावे असावीत, असे मी माझ्या कार्यालयात बसूनच ठरवले आणि यादी सुटसुटीत दिसावी म्हणून दोन्ही एकत्र केले. मामांना विचारावे असे मला वाटलेही नाही.

पुढच्याच आठवड्यात परगावच्या एका हॉटेलचा माल परत आला. एकाच गठ्ठ्यात दोन छटा निघाल्या होत्या. मालकांनी मला बोलावून घेतले. मी पोहोचलो तेव्हा पॅकिंगच्या बायका घड्या घालत होत्या आणि मामा मालकांसमोर उभे होते. संगणकातून निघालेल्या चिठ्ठीप्रमाणेच माल काढला, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

"कॉम्प्युटर चुकत नाही, मामा. डोळे चुकतात," मालक म्हणाले. हे पहिले वाक्य मीच त्यांच्या गळी उतरवले होते.

मालकांनी गोदामाची किल्ली मागून घेतली आणि मामांना पॅकिंगच्या टेबलाशी घड्या घालायला बसवले. चूक कुठे झाली हे मला तिथेच कळले होते. शहरातले माझे निम्मे ग्राहक याच मालकांच्या शब्दावर आलेले होते. मी गप्प राहिलो. दुपारी प्रणालीत दोन्ही रंग गुपचूप वेगळे केले आणि आपण चूक दुरुस्त केली, असे स्वतःला समजावले.

त्यानंतर दोन वर्षे मी त्या कारखान्यात जात राहिलो. मामा मान हलवून नमस्कार करीत. माझी नजर टेबलावरच्या टॉवेलांवर राही. अखेर एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि सगळे सांगितले.

त्यांनी डबा बंद केला. "मला दुसऱ्या दिवशीच कळलं हुतं, सर. चिठ्ठीत दोन रंग येगळे आले की."

"मग मालकांना बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हणून थांबलो."

मग त्यांनी एकच गोष्ट मागितली. मालकांना एकट्याला सांगू नका, हितं सांगा. माझं नाव हितंच गेलं, असे ते म्हणाले.

सुट्टी संपल्यावर मी मालकांना तिथे बोलावून आणले आणि सर्वांदेखत चूक माझी होती असे सांगितले. मालकांनी मामांसमोर हात जोडले. मामांनी त्यांचे हात खाली केले आणि पुढचा टॉवेल घडीला घेतला.

टेबलाच्या टोकाशी बसलेल्या एका बाईंनी मान वर न करता विचारले, "मग दोन वर्सं कुटं हुता, सर?"