सेलूवर पडलेला बॉम्ब

काल अडगळीतली जॉयस्टिक हाती लागली आणि तापलेल्या धुळीचा तोच जुना वास आला. तेव्हा सेलूतल्या माझ्या सायबर कॅफेत रोज येणाऱ्या गजूनं दोन वर्षं खपून विमानयुद्धाच्या गेमसाठी महायुद्धातल्या ब्रह्मदेशाचा, इरावती नदीसकट, नकाशा केला होता. चाचणीसाठी त्यानं कोपऱ्यात सेलू मांडलं आणि माझ्या दुकानावरच बॉम्ब टाकला.

"भाऊ, गेलं तुमचं दुकान!" पोरं खदखदली.

दुसरी प्रत नाही, हे मला ठाऊक होतं. मी त्याच्यादेखत नकाशा पुसला.

गजू म्हणाला, "दुकान तं गेम पुन्हा लावला का उभं राह्यते, भाऊ. माह्यी इरावती कशी उभी करू?"

पोरं एकेक करून उठून गेली. पोरांच्या त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही. पण त्या दिवशी शेवटी मी एकटाच हसत होतो.