परांची आधी उतरवली

भाऊ गेल्यानंतर जे लोक भेटायला आले, त्यांतल्या बहुतेकांनी आधी एकच गोष्ट विचारली. किती उंचीवरून पडला? मी सांगायचे, बारा फूट असेल.  बारा फूट समोरच्याला पुरेसे वाटत नसत. एक दूरचे काका तर म्हणाले, वेळ आली की माणूस पलंगावरून पडूनही मरतो. मी त्यांना चहा दिला आणि आत निघून गेले. आत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. तो राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

बारा फूट म्हणजे आमच्या घराच्या छताहून उंच. खाली सिमेंटची जमीन. डोकं आधी टेकलं तर याहून जास्त उंची लागत नाही, हे दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला शांतपणे समजावून सांगितलं होतं. त्यांनी वेळेचं नाव काढलं नव्हतं.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमचं घर विणकरांचं. वडील मागावर बसायचे, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून. आमच्याकडे उंचावर काम केलेला हा पहिलाच. माग बंद पडल्यावर त्याने बरीच कामं केली आणि शेवटी मौद्याच्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये स्थिरावला. तिथे फायबरच्या बोटी बनत. तलावांवर फिरायला नेणाऱ्या लहान बोटी, धरणांवरच्या मोठ्या. समुद्र इथून किती दूर आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून त्याची चेष्टा व्हायची. "तुमची बोट शेडातून निघून जाते कोठी गा? नाग नदीत?" असं शेजारचे विचारायचे. तो म्हणायचा, "हो, अन् पयली सवारी तुलेच बसवतो. नाक धरून बसजो." त्याचं काम शेवटचं असायचं. फायबरचा पृष्ठभाग घासायचा, बारीक खड्डे बुजवायचे, पुन्हा घासायचा, मेण लावून चमकवायचा. त्याच्या हाताखालून गेलेल्या बोटीवर बोट फिरवलं तर कुठे जोड आहे ते कळत नसे.

त्या शेडमध्ये एक वयस्क मिस्त्री आहेत. ते ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरातले, पूर्वी लाकडी डोंगे बांधायचे. बोटीभोवती बांबूंची परांची बांधायचं काम त्यांच्याकडे. भाऊ घरी त्यांच्याबद्दल फार बोलायचा. परांची बोटीच्या आधी उभी राहते आणि बोट गेल्यावर उतरते, हा त्यांचा नेम. मधे कुणालाही एक दोरी सोडू देत नसत. फळीच्या बाहेरच्या बाजूला कमरेच्या उंचीवर एक आडवा बांबू आणि गुडघ्याच्या उंचीवर दुसरा, हेही त्यांचंच. भावाने एकदा हसत सांगितलं होतं, की मिस्त्री सासूसारखे रोज सकाळी प्रत्येक गाठ ओढून बघतात. त्या शेडमध्ये इतकी वर्षं कुणी पडलं नाही, ते त्या गाठींमुळे. कंपनीच्या भिंतीवर सुरक्षेचं पोस्टर होतं, त्यामुळे नाही.

भाऊ पडला आणि दोन दिवसांनी दवाखान्यातच वारला. पहिल्याच दिवशी मॅनेजर दवाखान्यात आले होते. त्यांनी माझ्या भावजयीला बाजूला घेऊन सांगितलं, की त्याने सुरक्षा पट्टा लावला नव्हता, बूटही घातले नव्हते. हे त्यांनी इतक्या हळहळत्या आवाजात सांगितलं की तिने ते जसंच्या तसं मनात ठेवलं. तेरवी झाली तरी ती नवऱ्याचं नाव घेईना. 'त्या माणसानं' असं म्हणायची. फोटोला हार घातला तोही लेकीने. एका दुपारी ती तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली, "जोडे पायात घालाले काय जात होतं, ताई? घरी पोरगी आहे, हे आठवलं नसन काय?"  भाऊ चपलेचा पट्टा सैल झाला तरी शिवून घेणारा माणूस. पण माणूस रोज एकसारखाच वागतो असं कोण छातीवर हात ठेवून सांगणार?

पंधरा-वीस दिवसांनी मी त्याचं सामान आणायला शेडमध्ये गेले. मॅनेजरनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. कुटुंबाच्या वतीने सही हवी होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं आहे, कागद न वाचता सही करायची सवय मला नाही. कामगाराने सुरक्षा पट्टा व बूट वापरले नाहीत, ही बाब आम्हांस समजली असून आमची काही तक्रार नाही, असं त्यात होतं. मी विचारलं, पट्टा कुठे आहे? त्यांनी कपाट उघडून दाखवला. पट्टा अजून प्लास्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवीचं तोंड चिकटवलेलं होतं. मी विचारलं, हा लावला असता तर आकडा कशात अडकवायचा होता? ते म्हणाले, असतं ना मॅडम वर काहीतरी. मी शेडच्या छताकडे पाहिलं. बोट उभी होती त्या जागेवर छताला काही नव्हतं. पत्रा होता आणि पत्र्याखाली कबुतरं होती.

त्यांनी एक पिशवी दिली. डबा, टॉवेल, चष्मा, आणि त्याचे बूट. रबरी तळव्याचे, गेल्याच वर्षी घेतलेले. दोन्ही बुटांत मोजे गुंडाळून ठेवलेले होते. घाईत बूट भिरकावून वर चढलेला माणूस मोजे असे गुंडाळून ठेवत नाही. मी कागद सही न करता पर्समध्ये घातला. मॅनेजर म्हणाले, कागद इथेच राहू द्या. मी म्हटलं, घरी नीट वाचते.

फाटकाबाहेर मी ऑटोची वाट बघत थांबले. मिस्त्री सायकल हातात धरून बाहेर आले आणि माझ्याजवळून पुढे निघून गेले. दहा पावलांवर थांबले. परत आले. सायकलच्या घंटीकडे बघत ते जे बोलले ते मी इथे क्रमाने लिहिते, कारण त्यांनी ते असं क्रमाने सांगितलं नाही.

धरणावर जायची दुमजली बोट तयार झाली होती. दुसऱ्या दिवशी ट्रेलरवर चढायची होती. भाऊ पडला त्या सकाळी ती विकत घेणारे साहेब येणार होते, पूजा होणार होती आणि फोटो काढायचे होते. मॅनेजरनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, हे बांबू फोटोत येतील, सगळं घाण दिसेल, उतरवा. मिस्त्री म्हणाले, बोट जाऊ द्या, मग उतरवतो. मॅनेजर म्हणाले, काम तर संपलं ना? त्यावर मिस्त्रींनी दोऱ्या सोडल्या. वरच्या मजल्याचा स्टीलचा कठडाही बसलेला नव्हता, तो चमकवायला गेला होता.

पूजा झाली. बोटीला हळदकुंकू लागलं की ती देवी. मग तिच्यावर कुणी जोड्याने चढायचं नाही, हा त्या शेडचा रिवाज, आणि मॅनेजरनी तो सगळ्यांना मोठ्याने बजावला. नारळ वरच्या मजल्याच्या टोकाशी फोडला. फोटो निघाले, साहेब पेढे खाऊन गेले. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पांढऱ्या रंगावरून कुंकू मिसळलेलं नारळाचं पाणी ओघळलं आहे. वाळलं तर डाग राहील. आणि डाग काढायचा म्हटल्यावर त्या शेडमध्ये एकच माणूस होता.

त्याने बूट काढले, मोजे आत ठेवले, शिडी लावून वर गेला. आदल्या दिवशी त्यानेच मेण लावलेल्या पृष्ठभागावर, नारळाच्या पाण्यात, अनवाणी. कडेला बांबू नाही, कठडा नाही, धरायला काही नाही. ओल्या फडक्याने डाग पुसत तो मागे मागे सरकत आला.

"म्या सोडल्या, बाई," मिस्त्री म्हणाले. "दोऱ्या. माह्याच हातानं."

 माझा राग त्या वेळी त्यांच्यावरही होता, हे लिहायला हवं. चाळीस वर्षांचा नेम एका फोटोसाठी मोडला तर तो नेम कसला, असं माझ्या मनात आलं होतं. पण नाही म्हणणाऱ्या माणसाला उद्या कामावर या असं कोण म्हणतं, हेही मला माहीत होतं.

ऑटोत बसल्यावर मला त्या कागदाची खरी किळस आली. बूट काढायला लावले त्यांनी आणि लिहिलं की बूट घातले नव्हते. कठडा बसवला नाही, परांची उतरवली, दोरी बांधायला एक कडी दिली नाही, आणि लिहिलं की पट्टा लावला नव्हता. खोटं एकही वाक्य नव्हतं त्यात. याच शब्दांवर विश्वास ठेवून माझ्या भावाची बायको उरलेलं आयुष्य त्याच्यावर रागावून काढणार होती, आणि त्याची लेक बाप निष्काळजी होता असं समजून मोठी होणार होती.

मी कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज दिला. दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले. शेवटी एक साहेब शेडमध्ये आले आणि मलाही बोलावलं. मॅनेजरनी पट्टा दाखवला. आता तो पिशवीतून बाहेर काढून खुंटीला टांगला होता. साहेबांनी कामगारांना एकेक करून विचारलं. सगळे म्हणाले, आम्ही तिकडे नव्हतो. बारा फुटांवरून माणूस पडला तेव्हा त्या शेडमधला प्रत्येक जण दुसरीकडे होता. मिस्त्री सगळ्यांत शेवटी. मॅनेजर त्यांच्या शेजारीच उभे होते. साहेबांनी विचारलं, पट्टे दिले होते की नाही?

मिस्त्री म्हणाले, "देले होते, साहेब." मी डोळे मिटून घेतले. मग ते म्हणाले, "अडकवाले जागा नोती देली. अन् परांची म्या सोडली. फोटोत बांबू येते म्हणून मॅनेजर साहेबायनं सोडाले लावली. जोडे पूजेसाठी काढाले लावले. हे सारं लिहा."

मॅनेजर म्हणाले, "काय बोलून राहिले तुम्ही, मिस्त्री? शुद्धीवर आहे का?"

"शुद्धीवर आहो म्हणूनच बोलून राहिलो. त्या दिवशीच असतो तर बरं होतं."

साहेबांनी लिहून घेतलं. मिस्त्रींना वाचता येत नाही, त्यांनी कागद माझ्याकडे दिला. मी मोठ्याने वाचला, सावकाश, एकही शब्द न गाळता. मॅनेजर मधेच बाहेर गेले. मिस्त्रींनी सही केली. तीन अक्षरं, प्रत्येक वेगळं काढलेलं.

आता त्या शेडच्या छताखाली एक जाड लोखंडी दांडा आडवा बसवला आहे, आणि त्याला दोर व कड्या आहेत. एका दुपारचं काम होतं. मी ते पाहिलं तेव्हा समाधान वाटायला हवं होतं. मला वाटलं, ती दुपार आधी कुणाला का मिळाली नाही? मिस्त्रींना आता परांची बांधू देत नाहीत, पुठ्ठ्याची खोकी मोजायला बसवलं आहे. गाठी कोण ओढून बघतं, ते मी विचारलं. कुणाला सांगता आलं नाही.

मिस्त्रींनी सही केली त्या संध्याकाळी मी भावजयीला सगळं सांगितलं; ते कागदावर येईपर्यंत मी तिला काही बोलले नव्हते. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होती. मी एकदा सांगितलं, तिने पुन्हा सांगायला लावलं. "म्हणजे जोडे त्यायच्या मनानं नाही काढले?" नाही. "अन् बांबू?" फोटोसाठी.  मग ती म्हणाली, "मी इतके दिवस त्यायच्यावरच रागावून राहिली होती, ताई. मेलेल्या माणसाले शिव्या देल्या म्या." मी तिचा हात धरायला गेले, तिने तो सोडवून घेतला.

"मिस्त्रीबुवानं सही केली तो कागद कोठी आहे?"

मी म्हटलं, सरकारी कार्यालयात. नक्कल मिळते, पण अर्ज करावा लागतो, खेटे घालावे लागतात, तू कशाला, मी आणीन.

"नाही," ती म्हणाली. "तो मलेच पाहिजे. पोरीले वाचून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी आम्ही दोघी तिथे पायरीवर बसलो होतो. लेकही बरोबर होती, शाळा बुडवून. शिपायाने येऊन विचारलं, काय काम आहे? मी तोंड उघडायच्या आत भावजय उठून उभी राहिली आणि तिने नवऱ्याचं पूर्ण नाव सांगितलं.